होडीत दोघे, कागदावरही दोघे



पेण तालुक्यातील डोलवीच्या एका अंगाला मुंबई-गोवा महामार्ग आहे आणि दुसऱ्या अंगाला अंबा नदीची धरमतर खाडी. खारेपाटातली भातशेते, शेताच्या कडेची जिताड्याची तळी, खाडीचा चिखल आणि डोंगराच्या बाजूला भोगेश्वरी नदीवरचे हेटवणे धरण. या तालुक्यात पाणी कुठेच फार दूर नाही. तरीही पाण्याच्या इतक्या जवळ राहणारी अनेक कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की झोपडीला कडी लावून वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या सात महिन्यांत मुलांची शाळा सुटलेली असते.

हे असे का होते, आणि नवरा-बायको दोघांनी मिळून होडी चालवायला शिकल्याने त्यात काय फरक पडू शकतो, हे या अंकात समजून घेऊ. आपल्यापैकी अनेकजण विचारतात, "एक होडी घेऊन दिली तर कुटुंब उभे राहील का?" उत्तर 'हो' असे आहे, पण त्याला दोन अटी आहेत. होडी दोघांना चालवता आली पाहिजे, आणि तिच्याशी जोडलेल्या प्रत्येक कागदावर दोघांचे नाव असले पाहिजे.

भट्टीवरची जोडी

कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यातील कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजी अमलात जंगल राखीव होत गेले, तसा हा धंदा हातातून निसटला आणि पुढे कोळसा पाडणे, वीट पाडणे, शेतावर मजुरी हेच उरले. अनेक वाड्या आजही दुसऱ्याच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. पायाखालची जमीन आपली नाही, म्हणून बँकेत तारण ठेवायला काही नाही. मग पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम किंवा भट्टीवाला उचल देतो, आणि ती फेडायला हंगामभर अंग मोडावे लागते.

ही उचल एकट्या माणसाला क्वचितच मिळते. भट्टीवाल्याला जोडी हवी असते. एकाने चिखल मळायचा आणि वीट पाडायची, दुसऱ्याने ती उलटायची, वाहायची, रचायची. मजुरी हजार विटांमागे ठरते. काम दोघांचे असले तरी वहीत नाव बहुधा नवऱ्याचे असते. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता' ठरतो. म्हणजे आपल्या आदिवासी आणि भूमिहीन बहिणी वर्षानुवर्षे नवऱ्याच्या बरोबरीने काम करत आल्या आहेत. जोडीने काम करायला त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. फक्त त्या जोडीचा हिशेब आजवर दुसऱ्याच्या वहीत राहिला आहे.

होडीचा विचार इथून सुरू होतो. हीच जोडी स्वतःसाठी, स्वतःच्या गावात, मुलांना शाळेत ठेवून काम करू शकेल का?

ट्यूब, तराफा आणि होडी

कातकरी माणसाला मासेमारी नवी नाही. ओढ्यात, नदीत हाताने मासे धरणे, दगडाखालचे खेकडे काढणे, खाडीच्या चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या पकडणे यांत बायका तर पुरुषांहून तरबेज. पहिल्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, ती वलगण कधी आणि कुठे येणार हे वाडीतल्या म्हाताऱ्या बायका अचूक सांगतात.

पण धरणाचे पाणी वेगळे. ते खोल असते, आणि काठावर बसून त्यातला मासा मिळत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जलाशयांवर गरीब मासेमार ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा वापरतात. ट्यूबवर एकच माणूस बसतो, अर्धे अंग पाण्यात असते, वल्ह्याचे काम हात किंवा फळीचे तुकडे करतात. थंडीत पहाटे जाळे उचलताना अंग बधिर होते. काटा किंवा बुडालेल्या झाडाचे खोड लागले तर ट्यूब फुटते. बायको काठावर थांबते, मासे निवडते आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठते.

ट्यूबमुळे काम असे दोन भागांत तुटते. पाणी कळते ते नवऱ्याला, बाजार कळतो तो बायकोला. नवरा आजारी पडला की त्या आठवड्याची कमाई शून्य होते आणि पुन्हा उचलीची पाळी येते. दोन माणसांची होडी आली की बायको पाण्यावर येते. एकाने होडी सरळ धरायची आणि दुसऱ्याने जाळे सोडायचे, असे झाले की जाळे लांब लावता येते, न गुंतता उचलता येते आणि मुख्य म्हणजे संकटात दुसरे माणूस हाताशी असते.

दोघांनी वल्हवायचे म्हणजे काय

वल्हवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत वल्ही होडीच्या दोन्ही कडांना अडकवलेली असतात. वल्हवणारा होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो आणि वल्ही छातीकडे ओढतो. यात पाठीचा आणि पायांचा पुरता जोर लागतो, पण जिथे जायचे ती दिशा त्याच्या पाठीमागे असते. मागल्या टोकाला, त्याच्याकडे तोंड करून बसलेले माणूसच त्याचे डोळे होते. दुसऱ्या रीतीत सुटे वल्हे हातात धरून दोघेही पुढे तोंड करून एकामागे एक बसतात. पुढचा लय देतो, मागचा दिशा सांभाळतो. पुढच्याला मागचे दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याच्या पाठीवरून लय ओळखावी लागते.

नवशिक्या जोडप्याची होडी पहिल्या दिवशी गोल फिरते. कारण साधे आहे. एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला वल्हे मारत असेल, तर होडी कमी जोराच्या बाजूला वळते. मग जास्त जोर असलेला आणखी जोर लावतो आणि होडी आणखी वळते. उपाय उलटा आहे. ज्याच्या अंगात जोर जास्त त्याने तो आवरायचा आणि दुसऱ्याच्या चालीने चालायचे. होडी सरळ जाते ती ताकदवानाच्या ताकदीने नव्हे, तर दोघांच्या सारख्या चालीने.

दुसरी अडचण बोलण्याची. पहिल्या रीतीत दोघे समोरासमोर असतात, त्यामुळे एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे. "डावीकडे घे" असे ओरडले की होडी भलतीकडे जाते आणि भांडण होते. म्हणून आरंभापासून काठावरच्या खुणा ठरवून घ्याव्यात. "वडाकडे", "बांधाकडे", "वाडीकडे" असे म्हटले की दोघांना एकच अर्थ कळतो.

तिसरी गोष्ट, शिकवणारा शक्यतो तिसरा असावा. नवरा बायकोला शिकवू लागला की शिकवणे थोडे आणि हुकूम जास्त होतो. जाणत्या मासेमाराने दोघांना एकत्र शिकवले, तर दोघेही विद्यार्थी असतात आणि चूक कोणाची हा वाद उरत नाही. शिकायला कमरेइतके पाणी पुरे. होडीला लांब दोर बांधून दुसरे टोक काठावर ठेवावे. दोघांनीही दोन्ही जागा शिकाव्यात: वल्हवण्याची आणि जाळ्याची. नवरा पाण्यात पडला आणि बायकोला होडी वळवता येत नसेल, तर दोघे होडीत असूनही तो एकटाच राहतो.

पाण्यावर पाळायचे नियम थोडे आहेत, पण ते रोज पाळायचे आहेत:

१. होडीत चढताना एकाने ती धरून ठेवावी, दुसऱ्याने वाकून, कडेवर नव्हे तर मधोमध पाय ठेवावा.

२. दोघांनी एकाच वेळी उभे राहू नये. जाळे ओढताना एक जण एका कडेला झुकला की दुसऱ्याने विरुद्ध बाजूला वजन द्यावे. जागा बदलायची तर काठाला येऊन बदलावी.

३. जाळे सोडताना ते पायाभोवती पडू देऊ नये. पदर खोचलेला असावा, बांगड्यांत धागा अडकणार नाही हे पाहावे.

४. जीवनरक्षक जॅकेट अंगात असावे, होडीच्या तळाशी नव्हे.

५. होडी उलटली तर ती सोडून काठाकडे पोहत सुटू नये. उलटी होडीही तरंगते, तिला धरून राहावे. पाण्यातल्या माणसाला कडेवरून नव्हे, मागच्या टोकावरून आत घ्यावे.

तलावाचा अभ्यास आणि खाडीचा अभ्यास

एका पाण्यावर शिकलेले दुसऱ्या पाण्यावर जसेच्या तसे चालत नाही. जलाशयात भरती-ओहोटी नसते, पण वारा असतो. दुपारी तो वाढला की लहान होडीला लाटा भारी पडतात. म्हणून संध्याकाळी जाळे लावून पहाटे उचलणे बरे. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि येताना, होडी जड असताना, वारा पाठीशी घ्यावा. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेली झाडे आणि जुन्या घरांचे दगड वर येतात, त्यांच्या जागा ध्यानात ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात सांडव्याच्या बाजूला अजिबात जाऊ नये.

खाडीत घड्याळ चंद्राचे असते. भरती साधारण सहा तास चढते, तितकाच वेळ उतरते आणि रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सुमारे सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर होतो. ओहोटीबरोबर निघून भरतीबरोबर परतले की निम्मे वल्हवणे पाणीच करते. वेळ चुकली तर तेच पाणी दोघांच्या ताकदीवर भारी पडते किंवा होडी चिखलात रुतते. धरमतर खाडीत मालवाहू बार्जची ये-जा असते. त्यांच्या लाटेला होडीची कड देऊ नये, टोक द्यावे. म्हणून पहिले धडे शांत तलावावर आणि मग, जाणत्या माणसाच्या सोबतीने, खाडीत, हाच क्रम शहाणपणाचा.

मासा कोणाचा?

आता कठीण भाग. वल्हवता आले म्हणजे मासा आपला झाला असे नाही. मोठ्या जलाशयात मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो. ठेका बाहेरच्या माणसाकडे असेल तर कुटुंबाला त्याच्याच भावाने मासा द्यावा लागतो. शिवाय कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा पिलावत नाहीत. दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. हे एका जोडप्याचे काम नव्हे. त्यासाठी सहकारी संस्था लागते.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरच्या डिंभे धरणाने महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांना विस्थापित केले. तिथे कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने लोकांबरोबर राहून काम केले. ज्या पाण्याने जमीन घेतली त्याच पाण्यावर आदिवासींची मच्छीमार सोसायटी उभी राहिली. 'शाश्वत'ला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. तिथून घेण्यासारखा धडा हा की होडी आणि जाळे यांच्याबरोबरच, किंबहुना आधी, पाण्यावरचा हक्क आणि संघटना उभी करावी लागते.

आंबेगावचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, रायगड जिल्हा येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याचे बळ आपल्या वाड्यांना नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा आपल्याकडेही लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात वनात राहणाऱ्या समाजाचा मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मानला आहे. ज्या वाड्या वनक्षेत्रात आहेत त्यांनी जमिनीच्या दाव्याबरोबर पाण्याचाही दावा करावा, हे फार कमी ठिकाणी सांगितले जाते.

कागदावरचे दुसरे नाव

त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आणखी एक मोलाची गोष्ट आहे. विवाहित माणसाला मिळालेल्या वनहक्काची नोंद पती आणि पत्नी या दोघांच्या नावे व्हायची असते. कायद्याने जमिनीबाबत जे केले ते आपण होडीबाबत का करू नये?

सहकारी संस्थेचा सभासद व्यक्ती असते, घर नव्हे. नवरा सभासद झाला म्हणजे बायको झाली असे होत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या लाभार्थ्याला ६० टक्के साहाय्य धरले आहे. त्याच योजनेत मासेमाराच्या अपघाती मृत्यूसाठी किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ५ लाख रुपयांचे विमा संरक्षण आहे. पण जिचे नाव मासेमार म्हणून कुठेच लिहिलेले नाही, तिने रोज पहाटे नवऱ्याबरोबर जाळे उचलले तरी कागदाच्या लेखी ती पाण्यावर नव्हतीच. ती बुडाली तर विमा कोणी मागायचा? आणि नवरा गेला तर होडी आणि सभासदत्व भावकीकडे जाणार की तिच्याकडे?

म्हणून होडी देण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी अशा: दोघांचे आधार कार्ड आणि जातीचा दाखला आहे का, दोघांचे बँक खाते आहे का, दोघे संस्थेचे सभासद होऊ शकतात का, वारस म्हणून कोणाची नोंद आहे. कातकरी वाडीत यातला जातीचा दाखला सर्वांत अवघड ठरतो, कारण जुने पुरावे नसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये असुरक्षित आदिवासी समूहांसाठी पीएम-जनमन अभियान सुरू झाले आहे, त्यातील शिबिरांना ही कागदपत्रे घेऊन कुटुंबांबरोबर कोणीतरी गेले पाहिजे.

एका धंद्यातले जोडपे

पवित्र शास्त्रात होड्या आणि वल्ही पुष्कळ आहेत. वारा समोरून असताना शिष्य रात्रभर वल्ही मारून थकले होते आणि प्रभू त्यांच्याकडे पाण्यावरून आला, हे मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. पण या विषयावर मला दुसरेच जोडपे आठवते: अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. प्रेषितांची कृत्ये १८ व्या अध्यायात ते भेटतात. रोममधून निघून जावे लागलेले, करिंथात येऊन तंबू करण्याचा धंदा करणारे. स्थलांतरित आणि हाताने कमावणारे. पौल त्यांच्याच घरी राहून त्यांच्याबरोबर काम करत होता. नव्या करारात या दोघांचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे दोघांची नावे बरोबर येतात, आणि रोमकरांस पत्रात तर तिचे नाव आधी येते. पौलाने 'अक्विल्ला आणि त्याचे कुटुंब' असे लिहून भागवले नाही. दोघांनाही नावाने ओळखले.

आपल्या सेवेलाही हा कित्ता आहे. भट्टीच्या वहीत जिचे नाव नाही, तिचे नाव निदान आपल्या नोंदवहीत असावे.

आपण काय करू शकतो

एक होडी देऊन सर्व स्थलांतर थांबेल असा दावा कोणी करू नये. मासा सारे वर्ष सारखा मिळत नाही. वलगणीच्या दिवसांत अंडी भरलेला मासा सोडून दिला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी पाणी रिकामे होते. पण पावसाळ्यात उचल घ्यावी लागली नाही, तर दिवाळीनंतर भट्टीवर जाण्याचे बंधन राहत नाही. इतके झाले तरी मुलांचे ते वर्ष शाळेत जाते.

मंडळ्यांनी आणि कुटुंबांनी पुढील गोष्टींत हात द्यावा. सरकारी साहाय्य हाती पडेपर्यंत कुटुंबाला आपला हिस्सा उभा करावा लागतो, तिथे बिनव्याजी मदत उपयोगी पडते. होडीबरोबर दोन जॅकेटे द्यावीत, एक नव्हे. निवृत्त शिक्षक आणि सरकारी नोकरीतील सभासदांनी दाखल्यांच्या कामी एक दिवस द्यावा. आणि वाडीवर भेटीला याल तेव्हा फक्त घरच्या पुरुषाशी बोलून परत जाऊ नये. तिलाही विचारावे, "ताई, तुमचे नाव कुठे लिहिले आहे?"

प्रार्थनेचे विषय

— पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या सुरक्षिततेसाठी.

— येत्या पावसाळ्यात ज्या घरांवर उचल घेण्याची वेळ येईल, त्या घरांसाठी. आणि त्यांच्यापर्यंत आपली मदत वेळेवर पोहोचावी म्हणून.

— जातीचे दाखले आणि वनहक्काचे दावे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना न्यायबुद्धी मिळावी म्हणून.

— वीटभट्टीवर गेलेल्या मुलांसाठी, की त्यांची शाळेची वाट पुन्हा उघडावी.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.